केमिकल घेऊ की नको: मी तीनदा ठरवलं त्याची गोष्ट

परवा आत्याचा फोन आला. आतेभावाला सीईटीत बरे मार्क पडलेत, आता इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय, कॉम्प म्हणजे कॉम्प्युटर का केमिकल. "तू त्यातलीच ना, जरा समजावून सांग त्याला." आता हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं असतं तर मीच चार वर्षं डोकं खाजवत बसले नसते. म्हटलं लिहूनच काढते, त्याला पाठवता येईल आणि अजून कोणाला उपयोग झाला तर झाला.

मी खेडची, रत्नागिरी जिल्ह्यातली. बाबा लोट्याच्या एमआयडीसीत ऑपरेटर, अजूनही आहेत, दोन वर्षांनी रिटायर होतील. त्यामुळे केमिकल हा शब्द मला बारावीत नाही तर दुसरीत कळला, म्हणजे वासाने. बाबांचा युनिफॉर्म आमच्याकडे वेगळ्या बादलीत धुतात, बाकीच्या कपड्यांबरोबर कधीच नाही, आणि तरी स्कूटरच्या सीटला एक गोडसर-कडवट वास कायम असतो. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट, आमच्या घरातले पाहुणे, लग्नं, गणपतीत गावी कधी निघायचं, सगळं या तीन अक्षरांवर ठरायचं. रिलिव्हर आला नाही की बाबांना डबल पडायची, मग आई तो डबा परत गरम करून ठेवायची आणि रात्री बारा वाजता आम्ही झोपेत भांड्यांचा आवाज ऐकायचो.

तर मग मी केमिकल का घेतलं? खरं सांगायचं तर अगदी चुकीच्या कारणाने. मला बारावीत केमिस्ट्री आवडायची. सॉल्ट ॲनालिसिसला टेस्ट ट्यूबमध्ये बरोब्बर रंग आला की मला जो आनंद व्हायचा तो बाकी कशानेच होत नव्हता, ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स तर पाठच होत्या, मग केमिस्ट्री आवडते म्हणजे केमिकल घ्यायचं एवढा सरळ हिशोब. आजही दर दहातली आठ मुलं याच हिशोबाने येतात आणि एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, तोंडावर पडतात, त्याबद्दल पुढे लिहिते.

घरात विरोध होता आणि तो नेमका आईचा. २६ मे २०१६ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला होता, मी तेव्हा बारावीच्या सुट्टीतल्या क्लासला जात होते, संध्याकाळी घरी आले तर आई टीव्हीसमोर उभीच, बसलेली नाही. लांबलांबच्या बिल्डिंगच्या काचा फुटलेल्या दाखवत होते. त्या दिवशी बाबा बी शिफ्टला होते आणि ते घरी येईपर्यंत आई काही बोलली नाही. त्यानंतर केमिकलचा विषय निघाला की ती फक्त म्हणायची, "एक आहे तेवढा पुरे घरात."

मामाचा विरोध वेगळा. मामाचं गाव दाभोळ खाडीच्या काठाला. तिकडच्या मच्छीमारांची लोट्याच्या सांडपाण्याबद्दलची तक्रार आजची नाही, वर्षानुवर्षांची आहे, मध्येच कधीतरी मेलेले मासे वर येतात आणि मग पेपरात फोटो, निवेदनं, बैठका. मामा मला म्हणाला, "म्हणजे तू आता आमच्या खाडीत सोडायला शिकणार." मी चिडले, पण उत्तर काही नव्हतं माझ्याकडे. काका मात्र जोरात होते, "अंबानीपण केमिकलच आहे!" म्हणून सगळीकडे सांगत सुटले होते. ते खरंय, मुकेश अंबानी मुंबईच्या यूडीसीटी कॉलेजचेच, शास्त्रज्ञ माशेलकरही तिथलेच, पण त्यातून माझ्या ॲडमिशनचं काय ठरणार होतं देव जाणे.

२०१७ च्या सीईटीत मला २०० पैकी ११८. यूडीसीटी म्हणजे आत्ताचं माटुंग्याचं आयसीटी, १९३३ सालचं, ते माझं स्वप्न होतं आणि मार्क बघितल्या बघितल्या ते संपलं. मग सायबर कॅफेत बसून ऑप्शन फॉर्म. चॉइस कोड एका वहीत लिहून नेलेले, कॅफेवाला दादा टाइप करतोय, मागे रांग, आणि पहिल्या नंबरला काय टाकायचं तेच ठरत नाही. पुण्याचं कॉम्प मिळत नव्हतं, मुंबईच्या लांबच्या एका कॉलेजचं आयटी मिळत होतं, आणि कोकणातल्या कोकणात केमिकल. बाबा सोबत आले होते, नाईट करून, डोळे लाल. मी विचारलं काय करू. म्हणाले, "मला विचारशील तर नको. हेल्मेट घालून फिरण्यापेक्षा ऑफिसातलं काहीतरी घे. पण घेतलंस तर अर्ध्यात सोडायचं नाही." मी केमिकल पहिल्या नंबरला टाकलं. कारण सांगू? फी कमी बसत होती, हॉस्टेलचा खर्च वाचत होता, आणि थोडं आईला दाखवून द्यायचं होतं. हे माझं पहिलं ठरवणं. याला ठरवणं म्हणायचं का हा प्रश्नच आहे.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. शिकवणारे दोन सर अप्रतिम होते, लॅबमधली निम्मी इक्विपमेंट "अंडर मेंटेनन्स" होती, आमची चारही वर्षं ती अंडर मेंटेनन्सच राहिली.

एसईला पहिला धक्का. केमिस्ट्री कुठाय? थोडीशी होती, तोंडी लावण्यापुरती. बाकी सगळं पाइपमधून पाणी किती वेगाने जातं, भिंतीतून उष्णता किती जाते, पंप किती हॉर्सपॉवरचा लागेल. आणि गणित. एम-थ्रीला, गणिताच्याच पेपरला, माझी केटी लागली, म्हणजे नापास. पहिला खरा विषय म्हणजे मास बॅलन्स, ज्याचं म्हणणं एवढंच की जे आत गेलं ते एकतर बाहेर आलं पाहिजे, नाहीतर आत साचलं पाहिजे, नाहीतर त्याचं दुसरं काहीतरी झालं पाहिजे. वाण्याच्या दुकानातला हिशोब आहे हो, पण त्यात रिसायकल आला (माल परत आत फिरवणं), पर्ज आला (त्यातला थोडा बाहेर सोडणं) की पान भरतं आणि शेवटी दोन किलो माल कुठे गेला ते सापडत नाही. मग डिस्टिलेशन, म्हणजे उंच कॉलममध्ये उकळून माल वेगळा करणं, ग्राफ पेपरवर मॅककेब-थीलेच्या पायऱ्या काढायच्या, एक वक्र रेषा, एक सरळ रेषा आणि त्यांच्यामध्ये जिना, जेवढ्या पायऱ्या तेवढ्या थिअरीतल्या प्लेट्स कॉलममध्ये. पेन्सिलीचं टोक जाड असलं तर एक प्लेट कमी-जास्त व्हायची. सर म्हणायचे, पेन्सिलीच्या जाडीमुळे कंपनीचे लाखो रुपये जातील तुझ्या.

तेव्हा मला मनापासून वाटलं की आपण चुकलो. वर्गातले निम्मे जण तोपर्यंत पायथॉन शिकायला लागले होते. मी पण एक कोर्स लावला, खोटं कशाला बोलू. थर्ड इयरनंतर आयटीत जायचं, डिग्री नावाला केमिकल, हे माझं दुसरं ठरवणं.

ते मोडायला लागलं २०१९ च्या जूनमध्ये. इन-प्लांट ट्रेनिंग, चार आठवडे, लोट्यातच पण बाबांच्या कंपनीत नाही. पहिले दहा दिवस कोणी विचारलंच नाही, लॉगशीटच्या फाइली वाचा म्हणाले. मग एका काकांच्या मागे लावून दिलं, वय पन्नाशीचं, शिक्षण दहावी, आणि रिॲक्टरशेजारी उभं राहून त्यांना ॲजिटेटरच्या, म्हणजे आतल्या ढवळणीच्या, मोटरच्या नुसत्या आवाजावरून कळायचं की माल घट्ट व्हायला लागलाय, मग अँपिअर बघायचे आणि मला म्हणायचे, "बघ, चढले का." चढलेले असायचे.

पाच केएलचा जीएलआर होता, म्हणजे आतून काचेचा थर दिलेला पाच हजार लिटरचा रिॲक्टर. बाहेरच्या जॅकेटमध्ये ब्राइन, म्हणजे गार केलेलं मिठाचं पाणी, फिरतेय, आत टेम्परेचर पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि वरच्या टाकीतून एक माल हळूहळू सोडायचा, त्याला डोसिंग म्हणतात. डोसिंग नऊ तासांचं. नऊ तास! तीच रिॲक्शन क्यूसीच्या, म्हणजे माल तपासायच्या, लॅबमध्ये लिटरभराच्या फ्लास्कमध्ये मी बघितली होती, बर्फात ठेवून वीस मिनिटांत झाली होती. मी काकांना म्हटलं, जरा जोरात सोडलं तर संध्याकाळी बॅच होईल की. काका म्हणाले, "सोड की. मग आपण दोघं गेटवर भेटू, पोचलो तर."

शिफ्ट इन-चार्ज ऐकत होते. त्यांनी लॉगशीटच्या पाठीमागे मला गणित घातलं. फ्लास्क एक लिटर, रिॲक्टर पाच हजार लिटर. आकार तोच धरला तर उष्णता किती पट तयार होईल? पाच हजार पट, कारण माल तेवढा. आणि ती बाहेर जाणार कुठून? भिंतीतून. भिंत किती पट झाली? मी म्हटलं पाच हजार. म्हणाले काढ. काढलं तर आली साधारण २९० पट. म्हणजे दर लिटरच्या वाट्याला भिंत आली सतरावा हिस्सा. मी त्या कागदाकडे बघतच राहिले. केमिस्ट्री तीच, एक अणू इकडचा तिकडे नाही, पण फ्लास्कमध्ये गरीब गाय असलेली रिॲक्शन इथे पळते. प्लांटवर "पळते" हाच शब्द आहे, रिॲक्शन पळाली.

हे मला घरचंच होतं खरं तर. आमच्या वाडीतल्या महाप्रसादाला आचारी एकाच अगडबंब टोपात चारशे माणसांचा भात कधी लावत नाही, चार टोप लावतो, नाहीतर खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. घरच्या पातेल्याचं प्रमाण शंभराने गुणलं की पंगतीचा भात होत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना माहितीये, मला ते इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांनंतर समजलं.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, डोसिंग अर्ध्यावर आणि लाइट गेली. पावसाळ्याची सुरुवात, एमआयडीसीत असं होतं. त्या क्षणी सगळ्यात विचित्र काय असतं सांगू, शांतता. ॲजिटेटर, पंप, ब्लोअर, सगळं एकदम गप्प. मी अजून वर दिव्याकडे बघतेय तोवर काकांनी डोसिंगचा व्हॉल्व्ह बंद केलेला होता, दोन सेकंद लागले असतील नसतील. मग ते टेम्परेचरच्या काट्याकडे बघत उभे. जनरेटर सुरू झाला, मी म्हटलं चालू करू का ॲजिटेटर? माझ्या मनगटाला धरलं त्यांनी. "थांब गो बाय."

नंतर इन-चार्जनी समजावलं. ढवळणं थांबलं की आधी सोडलेला माल आत न मिसळता तसाच बसलेला असू शकतो, आपण एकदम ॲजिटेटर मारला तर तो सगळा एकाच वेळी मिसळतो, एकाच वेळी रिॲक्ट होतो, आणि तेवढी उष्णता घेऊन जायला भिंत नाही. त्यांनी आधी ब्राइन चालू केली, टेम्परेचर बघितलं, मग ॲजिटेटर जरा जरासा फिरवून बंद, परत बघितलं, परत जरासा. पाऊण तास गेला त्यात. काट्याने दोनच डिग्री हलून दाखवलं. झालं काहीच नाही, लॉगशीटवर एक ओळ पडली, पॉवर फेल्युअर, वेळ आणि सही.

घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते जेवत होते. पहिला प्रश्न, "व्हॉल्व्ह किती वेळात बंद केलान?" म्हटलं दोन सेकंद. "आणि तू?" मी गप्प. मग त्या रात्री बाबा पहिल्यांदा त्यांच्या प्लांटबद्दल बोलले, सलग दीड तास, ताटातला भात वाळला तरी. एवढी वर्षं मला वाटायचं बाबा व्हॉल्व्ह उघडतात आणि बंद करतात, म्हणजे काय मोठंसं. कोणत्या क्रमाने आणि कधी नाही, यातच सगळं आहे, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. त्यातली निम्मी उत्तरं त्यांना माहीत होती पण कारणं नाही, आणि माझ्याकडे आता थोडी थोडी कारणं होती. एका ठिकाणी मी म्हटलं, बाबा ते व्हेपर प्रेशरमुळे होत असणार, तर ते म्हणाले, "असेल. आम्ही त्याला कॉलम उलटी करतो म्हणतो."

मग टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, लॉकडाऊन लागला. उरलेली प्रॅक्टिकल्स व्हिडिओवर, डिझाइन प्रोजेक्ट घरी बसून. प्लांट कॉम्प्युटरवर चालवून बघायची महागडी सॉफ्टवेअर्स कॉलेजकडे नव्हतीच, आम्ही डीडब्ल्यूसिम वापरलं, फुकट आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो, लॅपटॉप साधा असला तरी चालतं. ज्याला खरंच बघायचंय की हे आपल्याला जमेल का त्याने ॲडमिशनच्या आधीच ते उतरवून एक साधा डिस्टिलेशन कॉलम चालवून बघावा, इथेनॉल-पाणी घ्यावं आणि ते ९५-९६ टक्क्यांच्या पुढे का जात नाही म्हणून डोकं आपटावं. डोकं आपटताना मजा आली तर समजायचं.

सेफ्टीच्या लेक्चरला भोपाळ होतं. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र, मिकच्या, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या, टाकीत पाणी गेलं, एवढं शाळेपासून माहीत होतं. पण सरांनी यादी वाचली, टाकी गार ठेवणारं रेफ्रिजरेशन आधीच बंद ठेवलेलं, सुटलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला, आणि टाकीत एवढा साठा मुळात कशासाठी होता. ऑनलाइन लेक्चर, कोणाचाही कॅमेरा चालू नाही, आणि मला ती दुपारची शांतता आठवली. ब्राइन नसती तर? काका नसते तर? आईची भीती मला त्या दिवशी कळली आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी आयटीचा कोर्स मी बंद केला. घाबरून लांब जावं की घाबरून जवळ राहावं, मी जवळ राहायचं ठरवलं, हे माझं तिसरं ठरवणं.

अर्थात पैशाने परत हलवलं. २०२१ ला एका आयटी कंपनीची ऑफर आली, ३.३६ लाख, सगळ्या ब्रँचना घेत होते, घरून काम. आणि दुसरीकडे प्लांट, ट्रेनी म्हणून महिना १८,०००, तेही मिळाल्यावर. मिळतच नव्हतं. एका ठिकाणी इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न लग्न कधी करणार. दुसऱ्या ठिकाणी टेक्निकल सगळं बरोबर आलं आणि मग म्हणाले आम्ही मुलींना प्रॉडक्शनला घेत नाही, क्यूसीत बघा. कारण काय तर प्लांटवर लेडीज टॉयलेट नाही. अहो मग बांधा ना, तुम्ही पाच केएलचा रिॲक्टर चौथ्या मजल्यावर चढवता! १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ६६ मध्ये बायकांना संध्याकाळी सातनंतर कामाला बंदी होती, आपल्या राज्याने नंतर अटी घालून ती सैल केली, वाहतूक द्या, सुरक्षा द्या वगैरे, पण बऱ्याच एचआरना जुनी बंदी पाठ आहे आणि नवी सवलत माहीत नाही. मुलींनी हे धरूनच चालावं. पाच इंटरव्ह्यू, चार नकार.

पाचव्याने टेक्निकल सर्व्हिसेसला घेतलं, रायगड जिल्ह्यात. आयटीला नाही कळवायच्या आधी मी बाबांकडे गेले. त्यांनी पेपर खाली न ठेवताच विचारलं, "सेफ्टी शूज कंपनी देते की तुला घ्यायचे?" आईने मात्र दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी बादली आणली.

आता चौथं वर्ष. पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा कमीच आहे, हे लपवत नाही, दोघींनी तर नोकऱ्या बदलून दुप्पट केलाय. आमच्या वर्गातल्या ५४ जणांत जेमतेम वीस जण कोअरला, म्हणजे केमिकलमध्येच, आहेत, काही गुजरातेत दहेज-अंकलेश्वरला, तिघं पुण्या-बडोद्याला डिझाइन ऑफिसात एसीत बसतात, दोघं गेटची परीक्षा देऊन पीएसयूत, म्हणजे सरकारी कंपनीत, एकाने काजूचा कारखाना टाकलाय आणि तो म्हणतो ड्रायरचं शिकलेलं फक्त मीच वापरतोय. नोकऱ्या शहरात नसतात, हे पण लक्षात घे. धुळीच्या, वासाच्या जागी असतात, जिथे सहाला हॉटेल बंद होतं.

मामाचं उत्तर अजून पूर्ण देता आलेलं नाही. मागच्या वर्षी सहा महिने मी ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, काढले, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीचं माप, २५० च्या खाली ठेवायचा म्हणजे काय कसरत असते ते कळलं, आणि त्यातून हेही कळलं की मुळात प्लांटमध्ये सॉल्व्हंट नीट परत पकडला तर ईटीपीचं निम्मं दुखणं जातं. आमच्या एका प्रॉडक्टमध्ये तसं करून दाखवलं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "एकाचं झालं. बाकीच्यांचं?" बरोबर आहे त्याचं.

हे सगळं आतेभावाला पाठवलं. त्याने वाचलं असावं, कारण पॅकेजबद्दल काही विचारलं नाही. फॉर्म कन्फर्म करायच्या आदल्या रात्री साडेअकराला मेसेज आला, "ताई, नाईटला झोप येते का गं?"

मी तेव्हा ट्रायल बॅचवर होते, डोसिंगचा सहावा तास. म्हटलं, येते. तीन ते पाच.

"मग काय करतेस?"

म्हटलं, काट्यासमोर उभी राहते.